रुसलेला दिवा

सर्व्हरचे पंखे एकदम थांबले आणि खोलीत इतकी शांतता झाली, की वैद्यांना स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. हातात नुकताच उपसून काढलेला पॉवर सप्लाय होता, विटेएवढा लांबट. नवा अजून खोक्यातच होता.

"बंद पडलं का हो?" दारात पोछा घेऊन उभी असलेली नवी बाई म्हणाली.

वैद्यांनी उपसलेला सप्लाय घाईने पुन्हा आत सारला. पंखे घरघरले. पण सर्व्हर म्हणजे काही नळ नव्हे, सोडला की पाणी आलं. पडल्यावर उठून, स्वतःला चाचपून कामाला लागायला त्याला चाळीस मिनिटं तरी हवी होती. तेवढा वेळ सबंध रुग्णालयात कुणाचा रक्तगट, कुणाची तपासणी, कुणाला कुठलं औषध चालत नाही, यातलं काहीही कुणाला दिसणार नव्हतं. बाहेर फोन वाजायला लागले.

वैद्य हे काही त्यांचं आडनाव नव्हे. यंत्राच्या पाठीमागे तळहात धरून, डोळे मिटून ते त्याचं दुखणं सांगायचे, म्हणून पडलेलं नाव. "नाडीपरीक्षा चाललीय, गप्प बसा," असं खिडकीवरचा कारकून लोकांना सांगायचा. कौतुकाचा एक फायदा असतो. कौतुकाखाली काय झाकलंय ते कुणी उचलून बघत नाही.

झाकलं होतं ते एवढंच, की वैद्यांना हिरव्या आणि नारिंगी दिव्यातला फरक कळत नव्हता. जन्मापासूनच. नोकरीच्या वेळी डोळ्यांच्या तपासणीत रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे वाचावे लागतात. थोरल्या भावाने ते आधी जाऊन आलेल्या उमेदवारांकडून मिळवले आणि धाकट्याकडून पाढ्यासारखे घोकून घेतले. धाकट्याने ते डॉक्टरांपुढे असे घडाघडा म्हटले, की शेवटचा आकडा पान उलटायच्या आधीच तोंडातून निघाला. डॉक्टरांना जेवायची घाई होती. त्या घाईवर वैद्यांची सव्वीस वर्षं निभावली.

अर्थात एकट्याच्या बळावर नव्हे. ती खोली झाडायला एक मावशी होती. "काय मावशी, आज कोण रुसलंय?" असं वैद्य सहज विचारल्यासारखं विचारायचे. "वरच्या फळीवरचा डावा. नारिंगी तोंड करून बसलाय," असं ती सांगायची. एकदा केर भरता भरता ती म्हणाली, "तुम्ही तपकिरी म्हणता ना, तो स्वेटर हिरवा आहे हं तुमचा." आणि केर घेऊन निघून गेली. त्यानंतर अकरा वर्षं वैद्यांना विचारावं लागलं नाही. ते खोलीत शिरले की ती आपणहून दिव्यांची खबर द्यायची आणि पुढच्या कामाला लागायची. तीन महिन्यांपूर्वी ती गेली. तिला पोचवून परत येताना वैद्यांना वाटेत दरदरून घाम फुटला. रडू नंतर आलं.

आजचं काम तसं पोरखेळ होतं. सर्व्हरला वीज पुरवणारे दोन सप्लाय असतात. एक गेला तरी दुसरा सगळा भार उचलतो, आणि गेलेला चालू यंत्रातूनच काढून बदलता येतो. फक्त गेलेला कुठला ते त्याच्या नारिंगी दिव्यावरून ओळखायचं. तक्रारीच्या चिठ्ठीत 'उजवीकडचा' असं लिहिलं होतं. पुढून उजवीकडचा की मागून, ते लिहिणाऱ्याने लिहिलं नव्हतं. नव्या बाईला विचारावं, तर ती परवाच आलेली. तिला विचारायचं म्हणजे सगळं सांगून टाकायचं. वैद्यांनी तळहात धरला. वारा दोन्हींतून येत होता, डावीकडून जास्त. ज्याचा वारा जोरात तो जिवंत, अशा हिशेबाने त्यांनी उजवा उपसला. निकामी होता तो डावाच. स्वतः काडीचं काम न करता, शेजाऱ्याच्या विजेवर तो पंखा गरगरा फिरवत बसला होता. अशी माणसं वैद्यांनी प्रत्येक खात्यात पाहिली होती. यंत्रातही ती निघतील असं वाटलं नव्हतं.

विभागाच्या मॅडम आल्या त्या धापा टाकतच.

"टेबलावर घेतलेली बाई परत वॉर्डात न्यावी लागली, वैद्य. भूल दिली नव्हती हे नशीब. काय झालं?" उत्तराची वाट न बघता त्यांनी पोछ्याकडे पाहिलं. "ही आत होती?"

"मी उंबऱ्याबाहेरच होते, मॅडम. आत ओलं करू नका असं यांनीच सांगितलं."

"तुला विचारलं नाही मी." मॅडमनी वैद्यांना बाजूला घेतलं आणि आवाज उतरवला, पण खोली ती केवढी. "मला वर अहवाल द्यायचाय. पोछा लागून वायर निघाली, एवढं म्हणा. ती कंत्राटी आहे, लागेल कुठेही. तुमची दीडच वर्षं राहिलीत. क्वार्टरमध्ये राहता, सुनेचे दिवस भरत आलेत. कशाला गळ्यात घेता?"

मॅडम वाईट नव्हत्या. माणसं तोलणं हे त्यांचं कामच होतं, आणि पारडं वैद्यांच्या बाजूला झुकलं होतं. नव्या बाईने पोछ्याचा दांडा या हातातून त्या हातात घेतला आणि फरशीकडे बघत उभी राहिली.

वैद्यांनी मनातल्या मनात एकदा 'हो' म्हणून पाहिलं. जमत होतं. सव्वीस वर्षं दुसरं काय केलं होतं? पण आजवर त्यापायी कुणाच्या पोटावर पाय आला नव्हता.

"वायर कुणी काढली नाही," ते म्हणाले. "मी चांगला सप्लाय उपसला."

"असा कसा उपसला? दिवा दिसला नाही?"

"दिवा दिसतो. रंग दिसत नाही."

"आज?"

"कधीच नाही."

मॅडम चौकटीला टेकल्या. "गप्प बसायचं होतंत हो," त्या म्हणाल्या. "आता मला हे लिहावं लागणार."

"लिहा. पण आधी हा बदलू द्या. एकावर चाललंय सगळं. तोही गेला तर?"

हे काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. मॅडम सर्व्हरच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. "डावा," त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या. वैद्यांनी डावा काढला, नवा सरकवला, खटका बसल्याची खात्री केली आणि वायर जोडली. "झालं," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही हिरवे."

दुपारी सगळं सुरळीत झालं. अहवालांच्या खिडकीपुढे सकाळपासून अडकलेली रांग दारापर्यंत गेली होती. त्याच खिडकीतल्या प्रिंटरवर मॅडमचं पत्र आलं. कारकुनाने ते सवयीने वाचलं आणि मग वर बघणं टाळत पुढे सरकवलं.

"वैद्यबुवा, इथं सही लागेल."

दृष्टिदोष लपवून नोकरी मिळवली, सबब आजपासून कामावर येऊ नये, क्वार्टर महिन्याभरात रिकामं करावं. वैद्यांनी पत्र दोनदा वाचलं. त्यात खोटं असं काही नव्हतं.

"दादा, तुमचं झालं का?" मागून एका बाईने विचारलं. तिच्या कडेवरचं मूल तापाने मलूल झालं होतं.

"झालं, झालं," वैद्य म्हणाले. त्यांनी सही केली, पत्राची घडी खिशात घातली आणि खिडकी मोकळी करून दिली.