रेघेपर्यंत पाणी

सूनबाईला गाडी चालवता यायची, पण गाडीवर विश्वास ठेवता येत नव्हता. रोज सकाळी ढब्बूला कडेवर घेऊन ती खाली उतरायची, बॉनेट उघडायची आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या डब्यात डोकावून बघायची. डब्यावर दोन रेघा होत्या. वरच्या रेघेला टेकलेलं पाणी दिसलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. समोरच्या इस्त्रीवाल्याने एकदा विचारलंच, "ताई, तापबीप आहे का गाडीला? रोज तपासता म्हणून म्हटलं."

नवरा बाहेरगावी नोकरीला. घरात ती, वर्षही न झालेला ढब्बू आणि सासरे. सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. तिची रजा संपत आली होती आणि सोमवारपासून ऑफिस सुरू होणार होतं. "मी आहे की घरात," असं नाना एकदा म्हणाले होते. त्यावर ती "बघू" म्हणाली, आणि तो "बघू" तसाच घरात लोंबकळत राहिला. नाना प्रेमळ होते, त्याबद्दल वादच नव्हता. पण दिवसभर त्यांच्या एकट्याच्या हाती पोर द्यायला तिचं मन धजत नव्हतं. शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेलं एक पाळणाघर बघून यायचं तिने ठरवलं.

"तुम्हीही चला नाना. नुसतं बघून येऊ."

"चला की," नाना म्हणाले, आणि इस्त्रीचा शर्ट घालून, ढब्बूची पिशवी खांद्याला लावून तिच्या आधी दारात जाऊन उभे राहिले.

गाडीत ते ढब्बूशेजारी मागे बसले होते. "काय हो ढब्बूशेठ, तिथे खरंच पाळणे असतात की नावालाच?" ढब्बूने त्यांच्या चष्म्याला हात घातला. सूनबाई आरशातून बघून हसली खरी, पण तिला स्वतःचीच लाज वाटली. ज्या माणसाला आपण नाकारायला निघालो, तोच पिशवी धरून मागे बसलाय.

पुलाच्या चढावर गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. डोक्यावर ऊन, पुढे ट्रक. गोडसर, जळकट वास आधी तिच्या नाकाला जाणवला. मग तिने इंजिनच्या तापमानाचा काटा पाहिला. एरवी मधे असणारा काटा लाल पट्ट्याकडे निघाला होता.

गाडी शिकवणाऱ्या बाईंचं बोलणं तिच्या कानात पक्कं बसलं होतं. तिने एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हीटर पूर्ण सोडला.

"अगं, या उन्हात हीटर?" नाना म्हणाले.

"इंजिनची गरमी आत ओढून घेतो नाना. ढब्बूला तुमच्या बाजूच्या खिडकीशी घ्या. पूल उतरला की थांबते."

ढब्बूने भोकाड पसरलं. पूल उतरताच एका बंद दुकानाच्या सावलीत तिने गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. बॉनेटच्या फटीतून वाफ निघत होती. ती पाहून ढब्बू रडायचा थांबला आणि टाळ्या पिटायला लागला. "घ्या," नाना म्हणाले, "इथे आपले प्राण कंठाशी, आणि यांना तमाशा."

तिने ढब्बूला दुकानाच्या पायरीवर नेऊन बसवलं, टोपी काढली, ओल्या रुमालाने मान पुसली, पाणी पाजलं. गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, येतो, पण हात लावू नका कशाला. ती मागे वळून बघते तो नानांनी बॉनेट उघडलेलं, हातावर नॅपकिन गुंडाळलेला आणि हात कूलंटच्या झाकणाकडे निघालेला.

"नाना, नाही!" ढब्बूला काखेत मारून तिने धाव घेतली आणि त्यांचं मनगट धरलं. "आत उकळतंय ते. झाकण फिरवलंत तर सगळं तोंडावर येईल."

"मी म्हटलं, जरा हवा मोकळी केली तर..."

"थंड झाल्याशिवाय काही करायचं नाही. बसा इकडे. प्लीज."

नाना पायरीवर येऊन बसले. नॅपकिन अजून हातालाच गुंडाळलेला होता. तिने तो सोडवून घेतला.

मग ती स्वतःलाच बोल लावू लागली. "मीच बावळट. सकाळी बघितलं होतं मी. रेघेपर्यंत होतं. रोज बघते, तरी माझ्या लक्षात आलं नाही. काही तरी चुकतंय माझं. रात्री नीट झोप नाही म्हणून असेल, डोळे उघडे असतात पण दिसत काही नाही. आणि अशी मी पोराला घेऊन रस्त्यावर..." तिचा आवाज फुटला.

ढब्बूने नानांच्या शर्टाचा खिसा ओढला, तो त्यांनी हळूच सोडवला.

"तुझे डोळे ठीक आहेत गं," ते म्हणाले. "सकाळी रेघेपर्यंतच होतं. मीच भरलं होतं."

"म्हणजे?"

"मागे एकदा ते खाली गेलेलं दिसलं तुला, आठवतं? गॅरेजवाल्याने भरून दिलं. पण त्या दिवशी तू जेवली नाहीस. रात्रभर येरझाऱ्या. म्हटलं, एवढ्याशा पाण्यावरून पोरीच्या जिवाला घोर नको. तेव्हापासून तू उठायच्या आत मी खाली जातो. कमी दिसलं की ओततो थोडं. नळाचंच."

"रोज?"

"आधी अधूनमधून लागायचं. हल्ली रोज."

म्हणजे तिने रोज डोळ्यांत तेल घालून पाहिलं ते नानांनी तिच्यासाठी मांडून ठेवलेलं दृश्य होतं. कूलंट गळत होतं, नाना भरत होते, ती खूश होत होती. आणि कूलंटचा हिरवागार रंग हळूहळू नळाच्या पाण्यासारखा फिका पडत गेला, तो तिने पाहिलाच नाही. तिने फक्त रेघ पाहिली.

राग आला, आणि तो तिने गिळला नाही. "नाना, उद्या ढब्बूला ताप आला तर? मला घोर नको म्हणून तेही झाकून ठेवाल?"

नानांनी मान वर केली नाही. "ठेवीनसुद्धा," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू. तुझा चेहरा उतरलेला बघवत नाही मला. म्हणून म्हणतो, पाळणाघर चांगलं असेल तर तिथेच ठेव. मी संध्याकाळचा खेळवीन."

स्वतःच्या तोंडाने स्वतःचा दावा सोडून देणारा हा माणूस. आणि तिला उगाचच वाटलं, की ते लपवत होते त्यात आपलाही हात आहे. आपला चेहराच असा, की त्याला काही सांगायची कुणाची छाती होऊ नये.

गॅरेजवाला आला तोवर इंजिन निवलं होतं. त्याने आधी वरच्या पाइपाला हात लावून अंदाज घेतला, मग जाड फडकं टाकून झाकण हळूच, थांबत थांबत फिरवलं. खाली वाकून बॅटरीच्या उजेडात पाहिलं. "खालच्या पाइपाला चीर आहे. आणि आत हे काय, कूलंट की आंघोळीचं पाणी?"

"आंघोळीचंच समजा," नाना म्हणाले. "मी घातलं."

"काका, नळाच्या पाण्याने आतून गंज धरतो. पाइप बदलतो आणि सगळं काढून नवं भरतो. पण पाणी कमी व्हायला लागलं की भरत बसायचं नाही, जातंय कुठे ते बघायचं."

"ते आत्ताच समजलं," नाना म्हणाले.

पाळणाघरातून फोन आला. "येताय ना?"

सूनबाईने नानांकडे पाहिलं. ढब्बू त्यांच्या मांडीवर झोपून गेला होता आणि ऊन सरकलं तसं आपल्या अंगाची सावली त्याच्यावर पडावी म्हणून नाना वाकडे होऊन बसले होते.

"आज नाही," ती म्हणाली. "गरज पडली तर कळवते."

फोन ठेवून ती नानांच्या शेजारी येऊन बसली. "सोमवारपासून तुम्ही सांभाळा. पण एक अट आहे. वाईट असेल ते आधी सांगायचं, लगेच. माझा चेहरा उतरला तर उतरू दे. तो पुन्हा वर आणायचं मी बघते."

"आणि तू रडलीस तर?"

"रडेन. तुम्ही फोन ठेवायचा नाही."

सोमवारी दुपारी ऑफिसात तिचा फोन वाजला. नाना होते.

"ऐक. ढब्बू पलंगावरून पडला. माझी नजर वळली तेवढ्यात. कपाळावर टेंगूळ आलंय. रडला, मग गप्प झाला, आता दूध पितोय. शेजारच्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले काळजी नाही, उलटी होते का बघा."

तिचा चेहरा उतरला. तिने टेबलाची कड धरली.

"नाना, टेंगूळ केवढं आहे?"

"लिंबाएवढं," नाना म्हणाले. मग थांबले. "नाही. सुपारीएवढं. मोठं सांगितलं मी. लहान सांगावंसं वाटत होतं, म्हणून उलट मोठंच सांगून बसलो."