ज्योत्स्नाची फाइल

पारगावजवळ राजरत्नचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची जळकी मोटार उघडून तिच्यात नवी तार भरायची, हे काम त्याला डोळे झाकून यायचं. मुलीच्या ॲडमिशनमधलं मात्र काहीच कळत नव्हतं. म्हणून ज्योत्स्ना नववीत गेली त्याच आठवड्यात तो मंचरला गोरख सरांच्या क्लासमध्ये चौकशीला गेला.

सर म्हणाले, देशात मोजकी कॉलेजं अशी आहेत की नुसत्या मार्कांवर घेत नाहीत. मुलाखत घेतात, फाइल बघतात, आणि ती फाइल नववीपासूनच तयार करावी लागते. त्यांनी चार चौकटींचा कागद दिला: खेळ, कला, समाजसेवा, नेतृत्व. राजरत्ननं तो घडी न पाडता घरी आणला.

खेळात कॅरम लिहिलं, ते सरांनी खोडलं. कलेसाठी ज्योत्स्नानं एकदा गाऊन दाखवलं आणि ती चौकट सर्वानुमते मोकळी राहिली. समाजसेवेसाठी शाळेमागं पाच झाडं लावली, ती चौथ्या दिवशी शेळ्यांनी खाल्ली. सर म्हणाले, लावतानाचा फोटो चालेल. ज्योत्स्नानं फोटो मोबाइलमधून काढून टाकला.

"झाडंच न्हाईत, तर फोटो कशाचा द्यायचा?" ती म्हणाली.

राजरत्नला ते पटलं, आणि त्याचा त्याला थोडा रागही आला.

दिवाळीनंतर शेजारच्या चिमाबाईंची वैजयंती कॉलेजला जायची बंद झाली. ती अकरावीला मंचरला होती. ज्योत्स्नाला बीजगणित तीच शिकवायची. कॉलेज साडेसातला भरायचं आणि पहिली एसटी नऊला. त्याआधी एकच जीप, तिच्यात माणसावर माणूस. चिमाबाईंनी एकदा ती जीप आतून पाहिली आणि मुलीला घरी बसवलं.

ज्योत्स्ना बापाला घेऊन एसटीच्या डेपोत गेली. तिथले साहेब समजुतीनं म्हणाले, प्रवासी दाखवा, मग गाडीचं बघू. किती दिवसांचे दाखवू, असं तिनं विचारलं. हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. थोडा विचार करून ते म्हणाले, पंधरा.

पंधरा दिवस ती सकाळी सहाला फाट्यावर वही घेऊन बसली. दोन्ही अंगाला ऊस, उसात बिबट्या असायची शक्यता. म्हणून राजरत्न शेजारी बसून स्टीलचं ताट पळीनं वाजवायचा. येणारेजाणारे विचारायचे, हे काय चाललंय. तो सांगायचा, "पोरीचं ॲडमिशन हाय."

रोजची सरासरी एकेचाळीस माणसं निघाली. सरपंचांनी आपल्या लेटरहेडवर, आपल्या सहीनं अर्ज दिला. महिन्यानं साडेसहाची बस मंजूर झाली, तीही प्रायोगिक तत्त्वावर.

गोरख सर खूश झाले. त्यांनी या संघर्षावर पाचशे शब्द लिहून आणायला सांगितलं. ज्योत्स्नानं लिहिलं: 'साडेसहाला बस नव्हती. पंधरा दिवस माणसं मोजली. आता बस आहे.'

सरांनी वाचलं, कागद उलटून मागं काही आहे का तेही पाहिलं. मग म्हणाले, यात भावना हवी; डोळ्यांत पाणी आलं असं लिही. पाणी आलं नव्हतं, असं ती म्हणाली. तरी लिही, असं म्हणून सरांनी बापाकडं पाहिलं.

गेले सहा महिने राजरत्ननं सरांचा एकही शब्द खाली पडू दिला नव्हता. तो खुर्चीत सावरून बसला.

"सर, ती रडली न्हाई. मी तिथंच बसलो व्हतो."

मग निदान बिबट्यावर लिहा, असं सर म्हणाले. बिबट्याही आला नव्हता.

सोमवारी बस वेळेवर आली. आधी वैजयंती चढली, मागून ज्योत्स्ना, क्लासला जायला. दारातच उभी राहिली म्हणून कंडक्टरनं तिला आत सरकायला सांगितलं. ही बस कुणी आणली हे त्याला सांगावं, असं खाली उभ्या राजरत्नच्या अगदी ओठावर आलं. तेवढ्यात घंटी वाजली आणि गाडी निघाली.

वैजयंतीची हजेरी भरली नाही, तिला अकरावी पुन्हा करावी लागली. तिनं ती केली. ज्योत्स्नाची मुलाखत अजून तीन वर्षं लांब होती.