वळणावरच्या कातळावरून

मी आफ्रिकन व्हायोलेट बोलतेय. तुमच्या खिडकीतल्या कुंडीत माझी भावंडं असतील. मी मात्र उसंबारा डोंगरातली, वाटेच्या वळणावर ओढ्याकाठच्या कातळाला चिकटून राहिलेली. वर म्वानाहावाचं घर, खाली तिची वेलचीची बाग. तिनं जुनी मोठी झाडं राखली, म्हणून वेलचीला सावली आणि मलाही. तिच्या मिठाला जागायला हवं होतं मी.

एकदा शहरातून साकिना नावाची फुलझाडांची अभ्यासक आली. म्वानाहावानं तिला वेलचीचा चहा पाजला आणि रीतीप्रमाणे वळणापर्यंत सोडायला आली. पाहुणीला उंबऱ्यावरून निरोप देणं म्हणजे आमच्याकडे अपमानच. नेमकी त्याच दिवशी मी फुलले होते.

साकिना गुडघ्यांवर बसून माझ्या पानांवरची लव भिंगातून पाहू लागली.

"माई, हे इथलंच?"

"मग काय दारेसलामचं? आवडलं तर ने की!"

साकिनानं माझं बारसं केलं. लव वेगळी म्हणून जात वेगळी, साऱ्या जगात फक्त याच ओढ्याकाठी! मी हुरळून गेले. मग मला जपायचं म्हणून वनखात्यानं बागेतल्या झाडांवर लाल पट्टे रंगवले. पट्ट्यांच्या आत कोयता न्यायला बंदी. बेणणीवाचून वेलची तणात गुदमरली. म्वानाहावाच्या पोटावर पाय आला तो माझ्यापायी, आणि मी तिच्याच सावलीत मजेत होते. लाज वाटते मला.

आज साकिना परत आली. अंगणातलं बोलणं इथवर ऐकू येतं.

"चुकलं माझं, माई. ते फूल वेगळं नाहीच. पलीकडच्या डोंगरांवरही तेच आहे. लव जागेप्रमाणे बदलते. आता सगळ्यांना एकाच जातीत घातलंय."

"मग पट्टे पुसणार?"

"ते माझ्या हातात नाही. सांगून बघते."

"पट्टे मारायच्या वेळी बरं तुझं ऐकलं त्यांनी!"

चहा मात्र तिनं दिला. भांडी वाजली, साकिना उठली. मी दोघींची वाट पाहत होते.

"जा सांभाळून," म्वानाहावा म्हणाली. "वाट ठाऊक आहे तुला."

साकिना एकटीच खाली आली. माझ्यापाशी थांबली, डोळे पुसले आणि गेली.

मी आजही फुललेय, माझा इलाज नाही. म्वानाहावा, पट्टे आले तेव्हापासून तू वळणावर उतरली नाहीस. एकदा ये ना. उपटायला आलीस तरी चालेल.