दोन डाव्या बाह्या

मास्तरांनी बाह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, उचलल्या, पुन्हा ठेवल्या. दोन्ही डाव्याच. उभा जन्म कात्री चालवण्यात गेला, आणि आज गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन डाव्या बाह्या! आता त्या बिचाऱ्याने उजवा हात काय घरी ठेवून यायचं?

चौकडीचं कापड एकेरी अंथरून कापावं लागतं, नाहीतर चौकड्या जुळत नाहीत. एक बाही कापून झाली की कागदाचा नमुना उलटा करायचा, की दुसरी. मास्तरांना तो उलटा केल्याचं स्वच्छ आठवत होतं. की दोनदा केला? की ते कालचं? मधूनच टेबल सरकल्यासारखं वाटत होतं. परवा तर स्वतःचं दुकान सोडून शेजारच्या लाँड्रीच्या कुलपाशी किल्ली घेऊन झटत बसले होते.

वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी तर ते कात्री हातात घेऊन, हे काय आहे म्हणून विचारायचे.

त्यातल्या त्यात बरं म्हणजे खोकला आटोक्यात होता. कापताना उबळ आली की कात्री घसरते, म्हणून कापायला घेण्याआधी मास्तर औषधाच्या बाटलीतून एक घोट घ्यायचे. बाटलीचं मापाचं झाकण कधीच हरवलं होतं. गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप दोनदा घेणारा हा माणूस, पण औषध अंदाजपंचे!

बायको तिथेच बटणांची काजं करत बसायची. बाह्या पाहून ती हसली नाही. तिने सुई खोचून ठेवली, पिशवी घेतली आणि त्यांना दवाखान्यात नेलं.

बाकावर बसल्या बसल्या मास्तर म्हणाले, "उद्या मी तुला ओळखलं नाही, तर रागावू नकोस."

"नव्याने ओळख करून घेऊ. गप्प बसा."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "औषधं कुठली चालू आहेत?"

"एकही नाही," मास्तर म्हणाले.

"अहो, खोकल्याचं घेता ना?" बायको म्हणाली.

"ते कुठलं औषध? दुकानात मागितलं की देतात."

बायकोने पिशवीतून बाटली काढली, मागोमाग गोळ्यांचं पाकीट काढलं.

"हे काय?" मास्तर चक्रावले.

"सर्दी-खोकल्याच्या गोळ्या. चहाबरोबर देते की रोज."

"मला वाटलं, शक्तीच्या आहेत."

डॉक्टरीणबाईंनी दोन्हींवरचं बारीक अक्षर वाचलं. "खोकला दाबणारं औषध दोन्हींत एकच आहे. गोळीतून जातंय ते जातंय, वर बाटलीतून, तेही घोटाने. असं जास्त झालं की गरगरतं, काही सुचत नाही. दोन्ही बंद करा. खोकला कशाने आहे ते आधी बघू. पुढे कधी लागलंच तर विचारून, एकच आणि मापाने."

मास्तरांच्या डोक्यात गोळी आणि बाटली अजून एकमेकींत मिसळत होत्या. त्यांना एकच विचारायचं होतं. "म्हणजे मी वडिलांसारखा नाही ना होत?"

"औषध उतरलं की पुन्हा तपासते. पण मला तसं दिसत नाही."

बायकोने तोंडाला पदर लावला. "मीच देत होते हो. तुमचं काम अडू नये म्हणून."

"अगं, घोट तर मीच घेत होतो ना?" मास्तर म्हणाले. त्यांना हसू आलं, रडूही आलं, आणि त्यातच खोकल्याची जोरदार उबळ आली. बायकोचा हात सवयीने बाटलीकडे गेला. तो तिने अर्ध्यातच मागे घेतला आणि त्यांच्या पाठीवरून फिरवत राहिली.