कात्रीच्या चित्रामागचं पान

साहेब, तिचा डोळा तुम्ही फोडलात. इस्त्री नवऱ्याच्या हातात होती, एवढंच.

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे, वेबसाइटची पानं लोकांच्या फोनवर पाठवणारा संगणक. मार खाणाऱ्या बायकांच्या मदत केंद्रात, झाडूच्या कपाटाशेजारी माझं आयुष्य गेलं. प्रोग्रामरबाईंनी मला कामाला लावलं. वरवर मी शिवणकामाचे धडे दाखवायचो. त्यातल्या कात्रीच्या चित्रावर बोट ठेवलं, की मी आतल्या आत पान बदलून मदतीचं पान पाठवायचो. फोनला कळायचंही नाही, त्यात वेबसाइटचा पत्ता शिवणाचाच राहायचा. नवरे फोन हिसकावून बघायचे, तर हाती काय? काज आणि झालरी! किती जणी अशा जिवानिशी सुटल्या. तेव्हा माझं कौतुक होतं.

मग साहेब, केंद्राचे नवे प्रमुख म्हणून तुम्ही आलात.

"ही लपवाछपवी बंद. फोनला सरळ नव्या पत्त्यावर धाडा. 'मारहाण-मदत' असं ठळक दिसू दे."

"साहेब, मग तो पत्ता फोनमध्ये राहतो. नवऱ्याला सापडेल."

"बाई, तुम्ही मशीन सांभाळा. जग मी बघतो."

हुकूम सुटला. आता मी पान देईना, नुसतं सांगू लागलो, 'त्या पत्त्यावर जा.' फोन मुकाट्याने जायचा आणि पत्ता टिपून ठेवायचा.

दुसऱ्याच दिवशी एकीने मदतीच्या पानावर लिहिलं, "पट्ट्याने मारलं. उद्या तो कामावर गेला की न्यायला या." पान मिटलं. थोड्या वेळाने त्याच फोनवरून तेच पान पुन्हा उघडलं. या वेळी बोटं तिची नव्हती.

"माझ्या घरात नाक खुपसता? आता बघा तिचं काय करतो."

मी लोखंडाचा डबा. ओरडणार कसा?

सकाळी तिची बहीण आली. बाहीवर रक्त वाळलेलं. "तापलेली इस्त्री घातली हो तिच्या तोंडावर! एक डोळा गेला. कुणाला कळणार नाही म्हणाला होतात ना? मग त्याला कळलं कसं?"

प्रोग्रामरबाईंनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. "मशीन जुनं झालंय. बिघडलं असणार. फोडून भंगारात द्या."

वायरी उपटल्या. पहिल्या घावात माझा पत्रा आत गेला. मित्रांनो, यंत्र जपा म्हणून मी गळा काढत नाही. मला फोडा, हरकत नाही. पण मी बिघडलो नव्हतो. सांगितलं तेच केलं, तेव्हाही आणि आताही.

साहेब, हातोडा थांबवा. ती बहीण अजून दारात उभी आहे. तिला उत्तर द्या. त्याला कळलं कसं?