पाहुण्यांसाठी उपसलेली विहीर

शहरातल्या साहेबलोकांच्या मोज्यांना वास येऊ नये, म्हणून मुरुम शहराजवळच्या आमच्या गावात कारखाना निघाला. तिथं मोज्यांवर चांदीची नॅनो भुकटी चढवतात. नॅनो म्हणजे इतकी बारीक, की डोळ्यांना दिसत नाही. आणि जे दिसत नाही, त्याची तक्रार आमच्याकडं कुणी घेत नाही.

कारखान्याचं सांडपाणी ओढ्यात जातं, तिथून झिरपून शिवम्माच्या विहिरीत. त्याच पाण्यात शेण कालवून म्हातारी गोबरगॅस चालवायची. वर्षभरात शेगडी विझली ती विझलीच. तिला दमा, डॉक्टरनं चुलीपुढं बसायचं नाही म्हणून बजावलेलं. तिनं अर्जांचा भडिमार केला, तेव्हा कुठं सरकारनं तपासणीसाठी राजेश्वरीबाईंना नेमलं.

बाईंनी सरपंचाला फोनवर नीट समजावलं. "ही भुकटी जंतू मारते. शेणातले जंतू मेले की गॅस बंद. मला विहिरीचं पाणी आणि गाळ तपासायचाय."

सरपंच रणधीरनं एवढंच ऐकलं, की बाई विहीर बघणार. झालं! मोठं माणूस येणार म्हटलं की गाव झाडून लख्ख करायचं, ही आमची खोड. त्यानं विहीर उपसली, गाळ लांब नेऊन टाकला, गॅसची टाकी धुऊन चुना मारला आणि टँकरनं विहीर काठोकाठ भरली. कारखान्यानंही त्या आठवड्यात पाणी सोडलं नाही. तेवढी अक्कल त्यांना होती.

बाईंना हे कुणी सांगितलं नाही. पाहुण्याला घर आवरल्याचं कोण सांगतं? त्यांनी पाण्याच्या आणि तळाच्या मातीच्या बाटल्या भरल्या, भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन गेल्या. अहवाल आला: चांदी आढळली नाही, धोका नाही. तो जोडून कारखान्यानं दुसऱ्या शेडची परवानगी काढली.

लेकीकडं सोलापूरला दवाखान्यासाठी गेलेली शिवम्मा परतली. रणधीर मोठ्या कौतुकानं अहवाल दाखवायला घरी गेला.

"आजार दाखवाया डॉक्टर बोलवला व्हता म्या," ती कडाडली. "तू पेशंटच बदललास की रे!"

"आक्का, घाण हीर दावली असती तर गावाची इज्जत काय राह्यली असती?"

त्याला खरंच कळत नव्हतं. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

शिवम्मा बोलायला गेली, पण खोकल्याची उबळ आली. ती तशीच चुलीपुढं वाकून फुंकणी फुंकत राहिली. सरपंच घरी आला होता. चहा केल्याशिवाय कसं चालेल?