मी, खासगी बाजारातली सूर्यचूल

मित्रांनो, मी चूल आहे. पण माझ्यात आजवर एकदाही विस्तव पेटलेला नाही! लाकूड नाही, कोळसा नाही, फुंकणी नाही. तरी मी भात शिजवला, वरण शिजवले, दुधाला उकळी आणली. विश्वास बसत नाही ना? मग या असे, ग्वाल्हेरच्या खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या या गच्चीवर सावलीला बसा आणि ऐका. माझे नाव सूर्यचूल.

दिसायला मी म्हणजे एक भलीमोठी, खोलगट परात. दूरच्या एका कारखान्यात ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून, घासून मला घडवले आणि लोखंडी पायांवर उभे केले. मी सूर्याकडे तोंड केले की अंगावर पडलेले सारे ऊन गोळा करते आणि मधोमध टांगलेल्या पातेल्याच्या बुडाशी नेऊन देते. एवढेच माझे काम. पण किती आनंदाचे काम!

मी ग्वाल्हेरला आले ते साल होते एकोणीसशे छप्पन. संस्थान विलीन होऊन मध्यभारत राज्य झाले होते, आणि आता मध्यभारतही जाऊन नवे मोठे राज्य येणार, अशी बाजारभर चर्चा होती. सरकारच्या एका खात्याला वाटले, घरोघरी इतकी लाकडे जळतात, जंगले उजाड होतात. थोडा स्वयंपाक उन्हावर करून पाहावा. म्हणून शहराच्या लष्कर भागातल्या चौदा घरांना चौदा सूर्यचुली द्यायच्या ठरल्या. अर्धी किंमत सरकारची, अर्धी घराची. अट एकच होती: रोज वापरायची आणि वहीत नोंद ठेवायची.

फूलबागेत आमचा खेळ दाखवला तेव्हा ही गर्दी! माझ्यावर पाणी उकळले तसे लोक टाळ्या पिटू लागले. त्या गर्दीत पद्माबाई हात जोडून उभ्या होत्या. माझ्याकडे बघून नव्हे, वर सूर्याकडे बघून. रोज पहाटे न्हाऊन सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय त्या पाणीही पीत नसत. त्यांचे यजमान रमाकांतराव शाळेत गणित शिकवायचे.

"अहो, घेऊ या का?" पद्माबाईंनी हळूच विचारले.

"घेऊ या. पण ही गच्चीवर चढवणार कोण?"

"मी चढवीन," मागून आवाज आला. ते शेजारचे जगदेवराव. जुन्या फौजेतले निवृत्त रिसालदार, मिशा अशा की त्यांच्याआधी वळणावर त्याच दिसाव्यात. "मीही एक घेतोय, मास्तर. सरकार निम्मे पैसे देतंय, छोडना क्यों?"

घरात माझे पहिले काम कोणते, सांगू? रथसप्तमी! त्या दिवशी अंगणात गोवऱ्या पेटवून सूर्यासमोर दूध उतू जाऊ देतात ना? पद्माबाईंनी त्या वर्षी गोवरी पेटवलीच नाही. माझ्यावर दुधाचे पातेले ठेवले, मला पूर्वेकडे वळवले आणि डोळे मिटून बसल्या. मी जिवाचे रान केले! थोड्याच वेळात दूध चढले, चढले, आणि पूर्वेच्या कडेने भस्सकन उतू गेले.

"अहो, बघा! सूर्यनारायणांनी स्वतःच तापवलं, स्वतःच घेतलं!" एरवी ज्यांचा आवाज पलीकडच्या खोलीत जात नसे, त्या पद्माबाई चक्क ओरडल्या.

त्या आनंदाच्या भरातच पुढची चूक झाली. आषाढी एकादशीला चातुर्मासाचा नेम धरायचा असतो. कोणी मीठ सोडते, कोणी वांगे. पद्माबाईंनी देवासमोर ओंजळीत पाणी घेतले आणि म्हणाल्या, "कार्तिकी द्वादशीपर्यंत सूर्याने शिजवलेलंच अन्न खाईन. नाहीतर दूध आणि फळं."

पाणी सोडून झाले आणि रमाकांतरावांनी कपाळाला हात लावला. "अगं, चातुर्मास म्हणजे ढगांचे महिने! वर्षाचे आठ महिने कडक ऊन पडतं, तेव्हा नाही सुचलं?"

पद्माबाई हळूच म्हणाल्या, "लक्षातच आलं नाही हो. पण आता बोलून गेले ना."

मित्रांनो, तुम्हीच सांगा, माझी काय अवस्था झाली असेल! एका माणसाचे जेवण माझ्यावर, आणि मी ढगांवर!

श्रावणात एकदा सलग चार दिवस ऊन नाही. पद्माबाई रोज तांदूळ धुऊन वर येत, मला वळवत, वाट पाहत आणि पातेले घेऊन खाली जात. पाचव्या दिवशी जगदेवराव आपल्या गच्चीवर उभे राहिले आणि पहाऱ्यावर असल्यासारखे ओरडले, "वहिनी, जल्दी! किल्ल्यावर ऊन आलंय! आता खाली उतरतंय!"

"पोहोचलं का, भाऊजी?"

"आ गया, आ गया! ठेवा पातेलं!"

समोरच्या छपरांवरून उजेडाची एक पट्टी धावत आली आणि माझ्यावर पडली. काय सांगू तो क्षण! मी लखलखले. पातेल्यात बुडबुडे आले. पण भात पुरता होण्याआधीच ऊन निघून गेले. पद्माबाईंनी तो टचटचीत भात तसाच खाल्ला, तूपमीठ लावून, हसत हसत. रमाकांतराव मात्र ताटावरून उठून गेले. त्यांना ते बघवेना.

वहीत पद्माबाईंनी लिहिले, "आज सूर्यनारायण आले, घाईत होते. भात कच्चा. तरी आले." आदल्या चार दिवशी लिहिले होते, "आज आले नाहीत." सरकारी वहीत 'वापर केला' आणि 'वापर नाही' असे दोनच रकाने होते. सूर्याच्या येण्याजाण्याचा हा तिसरा रकाना त्यांनी आपल्या हाताने आखला होता.

आणि जगदेवरावांची चूल? ती माझी सख्खी बहीण. तिला त्यांनी दालनात भिंतीला टेकवून ठेवले होते. खोलगट आरशात मिशा दुप्पट दिसतात, त्यामुळे रोज सकाळी तिच्यापुढे बसून मिशांना पीळ देणे, एवढाच तिचा उपयोग.

आश्विन संपत आला आणि बातमी आली. एक नोव्हेंबरला मध्यभारत जाणार, नवा मध्य प्रदेश होणार, राजधानी भोपाळ. सगळी खाती तिकडे जाणार. त्याआधी अजमायशीचे, म्हणजे प्रयोगासाठी दिलेले, सामान जमा करायचे. हुकूम असा होता: ज्या चुली नित्य वापरात असतील त्याच घरी ठेवाव्यात, बाकीच्या परत घ्याव्यात.

पद्माबाईंनी वही उघडली. न वापरलेले दिवस सदतीस. आणि नेम संपायला अजून वीस दिवस! मी गेले तर ते वीस दिवस त्या दूधफळावर राहणार. आधीच हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"हे सदतीस दिवस भरून टाक," रमाकांतराव म्हणाले. "'वापर केला' एवढंच लिहायचं. कोण बघायला बसलंय?"

"ज्यांच्याबद्दल लिहायचं, तेच बघतायत की वरून."

"पद्मा, मी थट्टा नाही करत. तुझी तब्येत बघ. आणि मी गणिताचा मास्तर असून तुला खोटे आकडे मांडायला सांगतोय, मला काय बरं वाटतंय?"

"मग नका ना सांगू," त्या मायेने म्हणाल्या.

निरीक्षक मानसिंगराव आले ते हातगाडी घेऊनच. वरून मला गाडी दिसत होती. माझ्या बहिणी एकीवर एक रचलेल्या! एकीत कोंडा चिकटलेला, एकीत मांजराचे केस, एकीला कोणी मुलांनी पतंगाचा कागद डकवलेला.

ते वर आले तेव्हा माझ्यावर भात उकळत होता. ऊन स्वच्छ होते. मानसिंगरावांनी वही घेतली, बोट फिरवत मोजले आणि मान हलवली.

"सदतीस दिवस वापर नाही. बाई, इसे नित्य कैसे लिखूँ? न्यावी लागेल." त्यांनी गाडीवाल्याला खूण केली. तो माझ्या पायाचा बोल्ट ढिला करू लागला.

"साहेब," पद्माबाई म्हणाल्या, "भात अर्ध्यावर आलाय. तेवढा होऊ द्याल?"

"ठीक आहे, होऊ द्या."

"आणि साहेब... तुमची सावली पडतेय."

निरीक्षक चपापून दोन पावले बाजूला झाले. गाडीवाला तोंड फिरवून हसला. काही करायला नव्हते म्हणून मानसिंगराव वही वाचू लागले. आधी उभ्याने, मग कठड्यावर बसून. 'आज आले नाहीत. केळे घेतले.' 'आज सकाळी आले, दुपारी गेले.' 'आज मन भरून आले, वरणभात झाला.' पाने उलटता उलटता ते थांबले.

"बाई, मी बारा घरं फिरून आलो. कुठल्याच वहीत एकही दिवस चुकलेला नाही, पण चुलीत बघावं तर कोंडा आणि मांजराचे केस, म्हणून त्या उचलून आणल्या. मग तुमच्याच गच्चीवर सदतीस दिवस ढग कसे?"

तेवढ्यात जगदेवराव आपली वही घेऊन आले. त्यांनी ती सगळी एकाच बैठकीत, एकाच दौतीने भरली होती. हजेरीपटासारखी. रोज एकच नोंद: 'चूल हजर. चूल हजर. चूल हजर.'

मानसिंगरावांनी एका पानावर बोट ठेवले. "रिसालदारसाहेब, भाद्रपदातला हा दिवस. त्या दिवशी मी स्वतः फूलबागेच्या फाटकाखाली तीन तास भिजत उभा होतो. तुमच्याकडे ऊन कुठून आलं?"

जगदेवरावांनी मिशीला पीळ दिला. "साहेब, मी 'चूल हजर' लिहिलंय. सूर्य हजर, असं कुठे लिहिलंय?"

पद्माबाईंशेजारी उभ्या रमाकांतरावांना हसू आवरेना. निरीक्षकही हसले, मग एकदम गंभीर झाले.

"हसतोय खरा मी, पण भोपाळला काय पाठवणार? तेरा वह्या आहेत, आणि तेराही वह्यांत पावसाळाभर रखरखीत ऊन! यावरून नवं सरकार ठरवणार, आणखी हजार घरांना चुली द्यायच्या की नाही."

जगदेवरावांनी आपली वही हळूच पाठीमागे नेली. "मास्तर," ते पुटपुटले, "संस्थान गेलं, आता मध्यभारतही चाललं, त्याचं एवढं नाही वाटलं. वहिनींची चूल जाऊ नये." मग निरीक्षकांकडे वळून मोठ्याने म्हणाले, "साहेब, माझी न्या. ती मिशांना लावली होती मी. साफ झूठ लिहिलंय. पण या बाई चार महिने सूर्य येईल तेव्हाच जेवल्यात. मी साक्षीला आहे, रोज वर उभा होतो."

मानसिंगरावांनी पद्माबाईंच्या हातांकडे पाहिले, पातेल्याकडे पाहिले. मग त्यांनी पेन काढले आणि अहवालात लिहून मोठ्याने वाचले, "सूर्य असलेल्या प्रत्येक दिवशी वापर. नित्य वापर सिद्ध. सूर्याच्या गैरहजेरीस घर जबाबदार नाही. यंत्र घरीच ठेवावे."

गाडीवाल्याने बोल्ट पुन्हा आवळला. मित्रांनो, त्या वेळी भाताचे झाकण नाचत होते, आणि मला तर वाटले मीच नाचते आहे!

"ही वही मात्र मी नेणार," मानसिंगराव म्हणाले. "कामाची एवढीच आहे. बाई, पुढे लिहायला कागद आहे ना?"

"आहे. पण साहेब, आधी दोन घास खाऊन जा. त्यांच्या हातचं आहे," आणि पद्माबाईंनी वर बोट दाखवले.

कार्तिकी द्वादशीला नेम पुरा झाला. त्या दिवशी गच्चीवर भात, वरण आणि आवळ्याची चटणी होती, आणि जगदेवरावांनी तीनदा भात मागून घेतला. पद्माबाईंनी पहिला घास घेतला तेव्हा रमाकांतराव शेजारी होते, आणि या वेळी ते ताटावरून उठले नाहीत.

पुढे बरीच वर्षे मी काम केले. मग घरात गॅस आला. आधी मी सणावारी, नंतर कधीतरी, नंतर पापडांच्या डब्यांमागे. पत्र्याची चमक गेली, एक पाय मोडला. पद्माबाई गेल्या. मला कोणावर राग नाही. मी थोडी हिरमुसले, इतकेच.

पण गेल्या वर्षी मला पुन्हा उन्हात आणून ठेवले आणि मी पाहतच राहिले! गच्चीवर काळ्या काचेच्या मोठमोठ्या पाट्या बसल्या आहेत. उन्हापासून वीज करतात म्हणे! पंखे फिरतात, दिवे लागतात. यांनाही सरकारने मदत दिली आहे. या माझ्या नाती किती हुशार! दिवसभर त्यांच्याकडे बघून माझे मन भरत नाही.

फक्त एक सांगायचे राहिले. सात महिने झाले, त्यांच्यावर धुळीचा थर आहे आणि कबुतरांनी घाण केली आहे. खाली सगळे म्हणतात, वीज कमी येते, सरकारने फसवले. अरे बाळांनो, सरकार मदत देऊन मोकळे होते, सूर्य रोज येऊन उभा राहतो. पण मधली काच पुसायला दोघांपैकी कोणीही येणार नाही. ते काम घराचे! गच्चीचे दार उघडेच आहे. बादलीभर पाणी आणि एक मऊ फडके घ्या, आणि ऊन चढायच्या आत वर या.